मूल बोलत नाही असं वाटतंय? स्पीच थेरपीपर्यंत पोहोचण्याची वाट

आमचा लेक दोन वर्षांचा झाला तेव्हा त्याच्याकडे मोजून चार शब्द होते. घरात सगळे म्हणत, “ह्याचे बाबाही तीन वर्षांचे झाल्यावर बोलले.” ज्या डॉक्टरांकडे आम्ही लस द्यायला जायचो तेही म्हणाले, “तीनपर्यंत थांबा, मुलगे उशिराच बोलतात.” आम्ही थांबलो. शेवटी पावणेतीन वर्षांच्या मुलाला घेऊन निघालो तेव्हा कळलं, की कानाच्या तपासणीची तारीख पाच आठवड्यांनंतरची आहे आणि थेरपीची जागा त्याहूनही पुढची. थांबायचं तर होतंच, पण नऊ महिने आधी नाव लावून थांबलो असतो तर ते नऊ महिने वाया गेले नसते.

ज्यांच्या घरी आत्ता ही काळजी नुकतीच सुरू झाली आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. माझं म्हणणं एवढंच आहे: वाट बघायचीच असेल तर रांगेत नाव लावून बघा. तारीख येईपर्यंत मूल बोलायला लागलं, तर फोन करून तारीख रद्द करता येते. हातातून गेलेलं वर्ष मात्र परत मागता येत नाही.

पायरी पहिली: नेमकं काय बघायचं

घरातल्या माणसांना शब्द मोजायची सवय असते. “किती बोलतो?” हाच प्रश्न. पण तज्ज्ञ आधी विचारतात, “समजतं किती?” बोलणं आणि समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजत सगळं असेल, बोट दाखवून मागत असेल, डोळ्यांत बघत असेल आणि फक्त शब्द कमी असतील, तर ते चित्र वेगळं. हाक मारल्यावर वळत नसेल, “चप्पल आण” हे खुणेशिवाय कळत नसेल, तर ते वेगळं आणि जास्त घाईचं.

ढोबळ मानाने मूल सहा ते नऊ महिन्यांत ‘बाबाबा’, ‘दादादा’ अशी बडबड करू लागतं. वर्षाच्या आसपास पहिला अर्थपूर्ण शब्द येतो आणि त्याच सुमारास बोट दाखवणं येतं. दीड वर्षापर्यंत हाताच्या बोटांवर मावणार नाहीत इतके शब्द असावेत. दोन वर्षांपर्यंत साधारण पन्नास शब्द आणि दोन शब्दांची जोडी यावी: “बाबा गेले”, “दूध दे”, “अजून नको”. तिसऱ्या वर्षी बाहेरच्या माणसालाही त्याचं बरंचसं बोलणं कळावं.

शब्द मोजताना ‘मंमं’, ‘भू’, ‘चिऊ’, ‘हम्मा’ हेही शब्दच धरायचे, अगदी बिनधास्त. मूल तो आवाज नेहमी त्याच गोष्टीसाठी वापरत असेल तर तो शब्द. उलट ए-बी-सी-डी आणि एक ते वीस घडाघडा म्हणणारं मूल तहान लागल्यावर ‘पाणी’ म्हणत नसेल, तर त्या पाठांतराने निर्धास्त होऊ नका. शेजारणी कौतुक करतात, आपल्यालाही बरं वाटतं, पण बोलणं म्हणजे दुसऱ्याला काहीतरी सांगणं.

‘काका’ला ‘ताता’ म्हणणं, ‘राजा’ला ‘लाजा’ म्हणणं हे बोबडे बोल लहान वयात साहजिक आहेत. ‘र’ आणि ‘ळ’ हे आपल्या भाषेतले उशिरा बसणारे उच्चार, त्यासाठी तीन वर्षांच्या मुलाला धारेवर धरू नका. अडीच-तीन वर्षांची मुलं बोलताना अडखळतात, “मी-मी-मी” करतात, तेही बहुतेकदा जातं. पण अडखळणं सहा महिन्यांहून जास्त टिकलं, शब्द काढताना चेहरा ताणला जाऊ लागला, किंवा मूल बोलणंच टाळू लागलं, तर दाखवायला हवं.

दोन गोष्टी दिसल्या तर मात्र एकही दिवस थांबू नका. एक, आधी येत असलेले शब्द मूल गमावू लागलं तर. दोन, वर्ष-सव्वा वर्षाचं होऊनही ते बोट दाखवत नसेल, हाकेला ओ देत नसेल, तुमच्याकडे बघून हसत नसेल तर.

पायरी दुसरी: वही आणि तीन व्हिडिओ

दवाखान्यात मूल गप्प होतं, रडतं किंवा टेबलाखाली जाऊन बसतं. तिथल्या वीस मिनिटांवरून कुणालाच पूर्ण अंदाज येत नाही. म्हणून जाण्याआधी आठवडाभर एक वही ठेवा. मूल जो शब्द आपणहून म्हणेल तो लिहा, कशासाठी म्हणालं तेही लिहा. तुम्ही म्हणायला लावलेला शब्द वेगळ्या पानावर.

सोबत फोनवर दोन-दोन मिनिटांचे तीन व्हिडिओ काढा: एक एकटं खेळतानाचा, एक जेवताना तुमच्याशी चाललेल्या देवाणघेवाणीचा आणि एक भावंडांबरोबरचा. “बोल, बोल, हे काय आहे सांग” असं करत काढलेला व्हिडिओ उपयोगाचा नसतो. आमच्या थेरपिस्टताईंनी सगळ्यात जास्त वेळ पाहिला तो व्हिडिओ लेक आजीच्या मांडीवर बसून शेंगा सोलत असतानाचा होता.

पायरी तिसरी: आधी कान

ही पायरी कुणीही, कितीही मोठ्या अधिकाराने सांगितलं तरी, गाळू नका. “त्याला ऐकू येतं हो, कुकरची शिट्टी झाली की बघतो” हे वाक्य मी स्वतः म्हटलेलं आहे. शिट्टी मोठी असते, ताट पडल्याचा दणका जमिनीतूनही जाणवतो. पण काही मुलांना मोठे, जाड आवाज येतात आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ असे बारीक आवाज येत नाहीत. त्यांना आपलं बोलणं भिंतीपलीकडून आल्यासारखं ऐकू येतं. काहींच्या वारंवार सर्दीमुळे कानाच्या पडद्यामागे पाणी साठतं, आठवडेच्या आठवडे ऐकणं मंदावतं, आणि कान दुखत नसल्यामुळे घरात कुणाच्या लक्षातही येत नाही.

तपासण्या साधारण तीन. ओएई ही काही मिनिटांची, कानात छोटी नळी ठेवून करायची चाळणी तपासणी, नवजात बाळाचीसुद्धा होते. मधल्या कानासाठी टिम्पॅनोमेट्री, म्हणजे पडदा नीट हलतो का ते बघणं. आणि बेरा, ज्यात डोक्याला इलेक्ट्रोड चिकटवून, आवाज दिल्यावर मेंदूपर्यंत संदेश पोहोचतो का ते पाहतात. यातलं काहीही दुखत नाही.

बेरासाठी मूल गाढ झोपलेलं लागतं आणि इथेच अर्ध्या लोकांची फेरी फुकट जाते. त्या दिवशी मुलाला पहाटे उठवा. रिक्षात, एसटीत झोपू देऊ नका. हे फार अवघड आहे, म्हणून शक्यतो दोघांनी जा, एकाने फक्त त्याला जागं ठेवायचं. दुधाची बाटली किंवा जेवण, त्याची रोजची दुपटी, बदलायचे कपडे बरोबर घ्या. काही ठिकाणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली झोपेचं औषध देतात. त्याआधी सर्दी-ताप असेल, मुलाला फिट येत असतील, तर ते आवर्जून सांगा. सर्दी असेल तर तपासणीचा निकालही चुकू शकतो, तेव्हा आधी फोन करून तारीख पुढे घेतलेली बरी.

ज्यांच्या घरी अगदी लहान बाळ आहे त्यांच्यासाठी जगभर पाळला जाणारा एक हिशोब सांगते: एक महिन्याच्या आत चाळणी, तीन महिन्यांच्या आत पक्कं निदान, सहा महिन्यांच्या आत श्रवणयंत्र आणि थेरपी सुरू. बाळ काचेच्या पेटीत राहिलं असेल, कावीळ फार वाढली असेल, घरात कुणाला जन्मतः बहिरेपण असेल किंवा नात्यातलं लग्न असेल, तर हे वेळापत्रक डोळ्यांसमोर ठेवाच.

पायरी चौथी: निदान कोण करतं

तीन वेगळी माणसं लक्षात ठेवा. कान बघणारा ऑडिऑलॉजिस्ट. भाषा आणि उच्चार बघणारा स्पीच थेरपिस्ट, ज्याला मराठीत वाचा-भाषा उपचारतज्ज्ञ म्हणतात. आणि एकूण विकास बघणारे डॉक्टर, म्हणजे विकासतज्ज्ञ बालरोगचिकित्सक. ते जवळ नसतील तर तुमच्या बालरोगतज्ज्ञांना स्पष्ट विचारा: “हा उशीर फक्त भाषेचा आहे की सगळ्याच विकासाचा?”

स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, हा शब्द ऐकला की घरात स्मशानशांतता पसरते. त्या भीतीपोटी लोक तपासणीच टाळतात. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची प्रश्नावली आहे. ती चाळणी आहे, निदान नाही. तिच्यात धोका दिसला म्हणजे ऑटिझम ठरला असं होत नाही, सविस्तर तपासणी करायची एवढाच अर्थ. आणि निदानाचा कागद हातात यायच्या आधी थेरपी सुरू करता येते. “आधी नाव ठरू दे, मग बघू” म्हणून कुणी अडवत असेल तर दुसरीकडे जा.

एक मराठीतली खूण सांगून ठेवते, कारण इंग्रजी माहितीपत्रकांत ती सापडत नाही. मूल स्वतःला पाणी हवं असताना “तुला पाणी हवंय?” असं तुमचंच वाक्य, तुमच्याच सुरात परत म्हणत असेल, किंवा मुलगा असून कायम “मी जाते” म्हणत असेल, तर ते वहीत लिहा. दिवसभर फक्त आईचं बोलणं ऐकणारा मुलगाही काही काळ “मी जाते” म्हणतो, त्यात काही वावगं नाही. पण वाक्यंच्या वाक्यं जशीच्या तशी परत येत असतील तर थेरपिस्टला ते महत्त्वाचं वाटेल.

पायरी पाचवी: जायचं कुठे

तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्यांनी आधी अंगणवाडीताईंना विचारावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली देशात सुरू झाला तो आपल्याच पालघरमधून. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत तपासणीला येतं. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतची मुलं त्यात बसतात, आणि विकासातला उशीर, ऐकण्यातला दोष, भाषेतला उशीर हे सगळं त्यांच्या यादीत आहे. पथकाने चिठ्ठी दिली की मूल जिल्हा रुग्णालयाशी जोडलेल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात, ज्याला तिथले सगळे डीईआयसी म्हणतात. पथक यायची वाट बघायची गरज नाही. सरळ जिल्हा रुग्णालयात जा, केसपेपर काढा आणि “डीईआयसी कुठे आहे?” असं नाव घेऊन विचारा. “स्पीच थेरपी कुठे?” विचारलं तर कान-नाक-घसा विभागात पाठवतील, तेही चुकीचं नाही, पण एक चक्कर वाढते. तिथे स्पीच थेरपिस्टचं पद आत्ता भरलेलं आहे का आणि ते कोणत्या वारी बसतात, हे आधी विचारून घ्या. काही ठिकाणी पद रिकामं असतं, हे कटू असलं तरी आधी कळलेलं बरं.

मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. १९८३ साली सुरू झालेली ही केंद्र सरकारची संस्था आहे. कानाच्या तपासणीपासून थेरपीपर्यंत सगळं एका आवारात, आणि शुल्क खासगीच्या मानाने फार कमी. मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयाला जोडून वाचा आणि श्रवण शास्त्राचं महाविद्यालय आहे. पुण्यात भारती विद्यापीठाचं याच विषयाचं महाविद्यालय आहे. अशा शिकवणाऱ्या संस्थांमध्ये विद्यार्थी थेरपी देतात आणि अनुभवी शिक्षक त्यांच्यावर नजर ठेवतात. “विद्यार्थ्यांकडे कशाला?” असं म्हणून नाक मुरडू नका. शिकणारी मुलं तयारी करून येतात, त्यांच्याकडे वेळ असतो. फक्त कॉलेजचं सत्र संपलं की विद्यार्थी बदलतात, तेव्हा जुन्या नोंदी नव्याकडे गेल्या का ते तुम्ही बघायचं.

विदर्भातल्यांसाठी नागपूरला दिव्यांगांसाठीचं संमिश्र प्रादेशिक केंद्र आहे, सीआरसी या नावाने विचारा. मुंबईतली ‘उम्मीद’ आणि गोव्यातली ‘सेतू’ या मुलांच्या विकासावर काम करणाऱ्या संस्था पालकांमध्ये ओळखीच्या आहेत. शेजारच्या कर्नाटकात म्हैसूरला अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे. सांगली-कोल्हापूर-सोलापूरकडची काही कुटुंबं सविस्तर तपासणीसाठी एकदा तिथे जाऊन येतात आणि रोजची थेरपी गावाजवळ घेतात.

मूल शाळेत जात असेल, तर पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समग्र शिक्षा अभियानाचे विशेष शिक्षक असतात. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, तोंडी विनंती विसरली जाते.

चार-पाच ठिकाणी एकाच दिवशी फोन करा. फोनवर एवढं पुरतं: “मुलगी दोन वर्षं चार महिन्यांची आहे. दहा शब्द बोलते, दोन शब्द जोडत नाही. कानाची तपासणी झालेली नाही. मराठीत थेरपी देणारं कुणी आहे का? पहिली तारीख कधीची मिळेल? कुणी तारीख रद्द केली तर आम्हाला बोलवाल का?” तो शेवटचा प्रश्न विसरू नका. आम्हाला आमची जागा तशीच मिळाली.

पायरी सहावी: थेरपिस्ट खरा आहे ना

आपल्याकडे १९९२ साली भारतीय पुनर्वास परिषद कायदा झाला. त्यानुसार स्पीच थेरपिस्टचं नाव परिषदेच्या केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत असावं लागतं. मूळ पदवी बीएएसएलपी ही चार वर्षांची, त्यातलं एक वर्ष प्रत्यक्ष कामाचं. “ताई, तुमचा आरसीआय नंबर (म्हणजे परिषदेचा नोंदणी क्रमांक) सांगता का?” हे विचारायला संकोच वाटतो, मलाही वाटला होता. पण चांगल्या थेरपिस्टला याचा राग येत नाही, बहुतेकांनी तो नंबर भिंतीवर लावलेलाच असतो. परिषदेच्या संकेतस्थळावर नाव टाकून बघताही येतं. एका वर्षाची पदविका घेतलेले सहायक चांगलं काम करतात, पण ते कुणाच्या देखरेखीखाली काम करतात ते विचारा.

पुढची ओळख वागण्यातून पटते. पहिल्या ठिकाणी आम्हाला दाराबाहेर बसवायचे. मूल आत, दार बंद, चाळीस मिनिटांनी बाहेर, “छान केलं आज”. दोन महिने गेले आणि आत काय चालतं ते आम्हाला सांगता येईना. नंतरच्या ताईंनी पहिल्याच दिवशी मला जमिनीवर शेजारी बसवलं आणि म्हणाल्या, “मी आठवड्यातून दीड तास, तुम्ही दिवसाचे बारा तास. शिकायचं तुम्ही, मी फक्त दाखवणार.” जिथे आईबापांना आत घेतात, घरी काय करायचं ते सांगतात, तीन महिन्यांनी कुठे पोहोचायचं ते लिहून देतात, तिथे राहा.

“तीन महिन्यांत बोलायला लावतो” अशी हमी देणारे, एकदम वर्षाचे पैसे मागणारे, तेलं आणि चूर्णं विकणारे टाळा. ऑटिझमसाठी स्टेम सेलचे लाखो रुपयांचे उपचार विकले जातात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच त्याची शिफारस नाकारली आहे. घर गहाण टाकून त्यामागे जाऊ नका, ही माझी हात जोडून विनंती आहे. घरगुती उपायांचंही सांगते. वाचा फुटावी म्हणून जिभेवर वेखंड घासतात, पोपटाचा उष्टा पेरू भरवतात. आजीचा जीव त्यात असतो, तिच्याशी भांडू नका, पण लहान मुलाच्या पोटात काहीही घालण्याआधी डॉक्टरांना विचारा. जीभ चिकटलेली असेल म्हणून बोलत नाही हाही असाच समज. जिभेखालचा पडदा आखूड असला तर काही उच्चारांना अडचण येऊ शकते, पण त्यामुळे मूल मुळीच बोलत नाही असं होत नाही.

पहिली भेट आणि तो अहवाल

पहिल्या भेटीत थेरपी नसते, मूल्यमापन असतं: तासभर प्रश्न, खेळ, चित्रं. गरोदरपणापासून सगळं विचारतात, म्हणून प्रसूतीची फाइल, लसीकरणाचं कार्ड, कानाचे अहवाल न्या. अहवालात दोन वयं लिहिलेली असतात. रिसेप्टिव्ह म्हणजे समजण्याचं वय आणि एक्स्प्रेसिव्ह म्हणजे बोलण्याचं वय. तीन वर्षांच्या मुलापुढे “१८ महिने” लिहिलेलं वाचून मी बसस्टँडवर रडले होते. तो आकडा बुद्धीचा नाही. आज कुठे उभे आहोत एवढंच तो सांगतो, आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजल्यावर त्याचा खरा उपयोग कळतो.

घरी कोणती भाषा बोलता ते तपशिलात सांगा. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी, आजीशी कानडी, जे असेल ते. थेरपीतले पहिले शब्द तुमच्या स्वयंपाकघरातले हवेत. तुमच्याकडे भाकरी असेल तर चित्रातली पोळी कशाला शिकवायची? “घोटाळा होतो, फक्त इंग्रजी बोला” हा सल्ला अजूनही मिळतो, इंग्रजी शाळेकडून तर हमखास. दोन भाषांमुळे मुलाचं बोलणं उशिरा येत नाही, हे संशोधनाने पुरेसं स्पष्ट झालेलं आहे. ज्या भाषेत तुम्हाला लाड करता येतात, रागावता येतं, गोष्ट सांगता येते, तीच भाषा बोला.

घर: खरी थेरपी इथे

यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार, कारण तारीख मिळेपर्यंतसुद्धा हे सुरू करता येतं.

सगळ्यात आधी प्रश्न कमी करा. आपण बोलत नसलेल्या मुलाची दिवसभर परीक्षा घेत असतो: हे काय? तो कोण? काऊ कसा करतो? मूल मिटून जातं. त्याऐवजी तुम्ही जे करता ते छोट्या शब्दांत बोला. पोळ्या करताना “लाट, लाट, लाट... झाली गोल! तव्यावर... फुगली!” भाजी निवडताना “तोड... टाक. तोड... टाक.” तेच शब्द, त्याच जागी, रोज. शब्द काय होतंय त्याच्याशी जोडला गेला की तो टिकतो.

मग थांबायला शिका. हे सगळ्यात कठीण. काहीतरी म्हणा आणि मनात पाच अंक मोजा, मुलाकडे आशेने बघत, गप्प. रोजच्या बडबडगीतातला शेवटचा शब्द गाळा आणि थांबा. झोका उंच धरून थांबा. पहिल्या दिवशी काहीच होणार नाही. आमच्याकडे अकराव्या दिवशी “ओ” आला, ‘सोड’मधला.

जे आलं ते वाढवून परत द्या. मूल “भू” म्हणालं, तर “भू नाही, कुत्रा म्हण” असं करू नका. म्हणा, “हो, भू आला! मोठा भू.” चूक दुरुस्त न करता योग्य शब्द त्याच्या कानावर पडला. ‘ताता’ म्हणालं तर “हो, काका आले.”

निवड द्या, दोन्ही वस्तू हातात धरून: “केळं की बिस्किट?” बोट दाखवलं तरी चालेल, तुम्ही शब्द म्हणा आणि लगेच द्या. बोलल्याशिवाय देणारच नाही असा हट्ट धरू नका, भुकेल्या मुलाला भाषा शिकता येत नाही. शब्द निवडायचे तर रंग आणि फळांच्या तक्त्यापेक्षा ‘दे’, ‘नको’, ‘अजून’, ‘संपलं’, ‘उघड’, ‘चल’ हे आधी. यांनी मुलाच्या हातात सत्ता येते. ‘नको’ म्हणता येऊ लागल्यावर आमच्या घरातलं लोळून रडणं निम्म्यावर आलं.

मोबाइलबद्दल कडक बोलते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आणि भारतीय बालरोग संघटनेने २०२१ साली हेच सांगितलं: दोन वर्षांपर्यंत पडदा नको, पुढे पाच वर्षांच्या आत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. जेवताना मोबाइल लावणं म्हणजे दिवसातल्या तीन सर्वोत्तम गप्पांची संधी घालवणं. एकदम बंद करताना आठवडाभर घरात आकांत होतो, तेव्हा आजी-आजोबांना आधी विश्वासात घ्या. पण मोबाइलमुळेच बोलत नाही असं ठरवून कानाची तपासणी टाळू नका.

काही मुलांना तोंडाने बोलायला वेळ लागतो, काहींना ते कधीच पुरेसं जमत नाही. अशा मुलांना खुणा, चित्रांचे तक्ते, किंवा चित्रावर बोट ठेवलं की बोलणारी ॲप शिकवतात. आयआयटी मुंबईच्या डिझाइन विभागात तयार झालेलं ‘जेलो’ हे असं मोफत ॲप मराठीतही आहे. “चित्रांची सवय लागली तर बोलणार नाही” ही भीती निराधार आहे. उलट चित्रांमुळे अनेक मुलांचं बोलणं वाढतं, कारण सांगितलेलं समोरच्याला कळतं याचा त्यांना भरवसा येतो.

पैसे आणि कागद

शहरात खासगीत एका सेशनला काहीशे रुपयांपासून हजारावर पैसे जातात, आणि आठवड्यातून दोन-तीन सेशन म्हटलं की महिन्याचा हिशोब डोळ्यांत पाणी आणतो. पैसे कमी असतील तर थेरपिस्टला मोकळेपणाने सांगा. पंधरा दिवसांतून एकदा जाऊन, घरचा गृहपाठ मनापासून करणाऱ्या घरांतली मुलं पुढे जातात, हे मी प्रतीक्षाकक्षात बसून पाहिलं आहे. ऑनलाइन सेशनही चालतात, विशेषतः आई-वडिलांना शिकवण्यासाठी.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. नुसतं उशिरा बोलणं त्यात बसत नाही, त्यासाठी प्रमाणपत्राच्या मागे धावू नका. ऐकण्याचा दोष, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व असेल तर यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. “शिक्का बसेल” म्हणून लोक टाळतात. ते कार्ड कुठे दाखवायचं आणि कुठे नाही हे तुमच्या हातात असतं. राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ ही आरोग्य विमा योजना वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण देते आणि थेरपीची बिलंही ठराविक मर्यादेत परत मिळतात. ती ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चौघांसाठीच आहे. श्रवणयंत्रासाठी, लहान मुलांच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी (शस्त्रक्रिया करून कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र) केंद्राची ‘एडिप’ योजना आहे, तिची चौकशी वांद्र्याच्या संस्थेत करा. इम्प्लांटला वयाची मर्यादा असते, म्हणून तिथे उशीर सगळ्यात महाग पडतो.

प्रत्येक बिलावर मुलाचं पूर्ण नाव, तारीख आणि थेरपिस्टचा नोंदणी क्रमांक लिहून घ्या. सगळं एका फाइलमध्ये, शिवाय फोनवर फोटो.

परदेशातल्या मराठी घरांसाठी

अमेरिकेत तीन वर्षांखालच्या मुलासाठी तुमच्या राज्याच्या ‘अर्ली इंटरव्हेन्शन’ कार्यक्रमाला तुम्ही स्वतः फोन करू शकता, डॉक्टरांची चिठ्ठी लागत नाही आणि मूल्यमापन मोफत असतं. तिसऱ्या वाढदिवसानंतर ती जबाबदारी तुमच्या भागातल्या सरकारी शाळांच्या ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’कडे जाते, तेव्हा अडीच वर्षांपासूनच पत्रव्यवहार सुरू करा. ब्रिटनमध्ये हेल्थ व्हिजिटरपासून, म्हणजे लहान मुलांच्या घरी येणाऱ्या सरकारी परिचारिकेपासून, सुरुवात करा, बऱ्याच भागांत थेट नाव नोंदवताही येतं. मूल्यमापनाच्या वेळी मराठीतले शब्द मोजले जातील असा आग्रह धरा आणि दुभाषा मागा. ‘दूध’ आणि ‘मिल्क’ दोन्ही येत असतील तर ते दोन शब्द आहेत. आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉलवर होणारं बोलणं पडद्याच्या वेळेत धरू नका, ते समोरासमोरचंच बोलणं आहे.

सुरू झाल्यानंतर

पहिले सहा आठवडे काही दिसत नाही. बरेच पालक तिथेच सोडतात. त्या काळात शब्द नव्हे, तर मूल तुमच्याकडे जास्त वेळा बघतं का, वाट बघतं का, हात धरून दाखवायला नेतं का, ते वहीत लिहा. तीन ते चार महिने नियमित जाऊनही यातलं काहीच हललं नसेल, तर थेरपिस्टशी बोला, उद्दिष्टं बदलायला सांगा, कान पुन्हा तपासा. तरीही उत्तर मिळत नसेल तर बदला. तुम्ही सोडून जाताना “आमच्याकडूनच पूर्ण करा” असं म्हणून जुना अहवाल अडवून ठेवायचा हक्क कुणालाही नाही.

सेशन कमी होत जातात, आठवड्याचे पंधरवड्याचे, मग महिन्याचे. थेरपी थांबली तरी फाइल टाकून देऊ नका. ज्या मुलांना बोलायला उशीर होतो त्यातल्या काहींना पुढे वाचताना, लिहिताना अडतं. काना-मात्रा, जोडाक्षरं गोंधळतात. पहिलीच्या वर्गशिक्षिकेला जूनमध्येच जाऊन भेटा आणि अहवालाची एक प्रत द्या. आमच्या लेकाच्या बाईंनी तो कागद वाचून त्याला पहिल्या बाकावर बसवलं आणि प्रश्न विचारल्यावर त्याच्यासाठी पाच अंक मोजायला लागल्या.